‘तरुणांच्या चळवळींनी जगात काही बदलत नाही’ : एका दाव्याला उत्तर

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारा एक दावा असा आहे की, जगाचे निर्णय सरकारे आणि अनुभवी मुत्सद्दी घेतात, तरुणांच्या चळवळी म्हणजे नुसता गोंगाट, तेव्हा विद्यार्थ्यांनी आधी शिक्षण पुरे करावे. प्रशांत महासागरातील वानुआतू या छोट्या द्वीपराष्ट्रात जे घडले ते पाहता हा दावा टिकत नाही.

गोंगाटाचा मुद्दा आधी घेऊ. वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मागणी तयार केली : हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी कोणती, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे. प्रशांत बेटांच्या नेत्यांना पत्रे लिहून त्यांनी ती मांडली. आधी शिका, मग बोला, या उपदेशालाही येथेच उत्तर मिळते, कारण मागणीचा पाया वर्गात शिकलेला कायदाच होता.

‘पण हे मत मागवणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शेवटी वानुआतूच्या सरकारनेच मांडला ना?’ मांडला, आमसभेत विद्यार्थ्यांना मत नसते. मात्र हाच प्रश्न न्यायालयात नेण्याचा प्रयत्न पलाऊ या दुसऱ्या द्वीपराष्ट्राच्या सरकारने २०११ मध्ये केला होता आणि तो तडीस गेला नव्हता. या वेळी वानुआतूच्या मुत्सद्देगिरीला देशोदेशींच्या तरुणांनी आपापल्या सरकारांकडे लावलेल्या तगाद्याची जोड मिळाली आणि २९ मार्च २०२३ रोजी आमसभेने ठराव एकमताने स्वीकारला, तेव्हा १३०हून अधिक राष्ट्रे त्याची सहप्रस्तावक होती. डिसेंबर २०२४ मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय न्यायालयातील सुनावणीत या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या सिंथिया हौनिउही स्वतः न्यायाधीशांपुढे उभ्या राहिल्या आणि सॉलोमन बेटांवरील आपल्या लोकांची भूमी, फनालेई, समुद्र कशी गिळत आहे हे त्यांनी सांगितले. हे त्या अधिकाराने सांगणे कसलेल्या मुत्सद्द्यालाही जमले नसते, असे मला ठामपणे वाटते.

न्यायालयाचे मत बंधनकारक नाही, मग मिळाले काय, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २३ जुलै २०२५ रोजी दिलेले हे मत सल्लावजा आहे, हे खरेच. तरीही पंधराही न्यायाधीशांनी (त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते) एकमुखाने सांगितले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून ते मोडल्यास भरपाईपर्यंतची जबाबदारी येऊ शकते. स्वच्छ पर्यावरणाचा हक्क इतर मानवी हक्कांसाठी अत्यावश्यक असल्याचेही न्यायालयाने म्हटले. कोणत्याही देशातील वकिलाला आपल्या न्यायालयात आता या मताचा हवाला देता येतो.