ताण दिला की झाडाचा डीएनए बदलतो म्हणे

एक मजकूर गेले काही महिने हातोहात फिरतोय. मला तो निदान पाच-सहा जणांनी पाठवला आणि प्रत्येकानं खाली विचारलं, ‘हे खरं आहे का?’ मजकूर थोडक्यात असा: ‘झाडाला पाण्याचा ताण दिला की ते आपला डीएनए बदलून घेतं. दुष्काळाचं जनुक चालू होतं. ताण जितका कडक, तितकं झाड कणखर. झाडाला हा ताण लक्षात राहतो आणि ती आठवण बीमध्ये उतरते. सलग तीन पिढ्या रोपं तहानलेली ठेवा, त्यांचंच बी धरा, चौथ्या पिढीत दुष्काळाला दाद न देणारं वाण तुमच्या हातात. एपिजेनेटिक्सनं हे सिद्ध केलंय, पण कुणी सांगणार नाही.’

अडचण अशी की हे सगळंच्या सगळं खोटं नाही. धडधडीत खोटं असतं तर एका ओळीत वासलात लावली असती. इथे जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा दाणा आहे आणि भोवती पोतंभर भुसा. तेव्हा पाखडत बसणं आलं.

‘झाड आपला डीएनए बदलून घेतं.’ इथूनच सुरुवात करू, कारण पुढचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे.

ऱ्हिओ या बागेतल्या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल हलक्या हातानं सोलून काचपट्टीवर ठेवली की सूक्ष्मदर्शकातून जांभळ्या पेशींच्या मधे हिरव्या पेशींच्या जोड्या दिसतात. या रक्षक पेशी, आणि प्रत्येक जोडीच्या मधली फट म्हणजे पर्णरंध्र. पान उजेडात ठेवलेलं असलं तर या पेशी टरारून फुगलेल्या असतात आणि फट उघडी. आता त्यावर अ‍ॅब्सिसिक आम्लाचं द्रावण सोडा. झाड तहानलं की याच संप्रेरकाची पातळी चढते. काही वेळानं पुन्हा डोळा लावला तर पेशींतली हवा गेल्यासारखी दिसते, फटी मिटत आलेल्या असतात. मी हे वर्गात कितीदा दाखवलं असेल, तरी दर वेळी मीच आधी वाकून बघतो.

गंमत म्हणजे या सुरुवातीच्या हालचालीला डीएनए बदलणं तर सोडाच, नवं जनुक वाचण्याचीही वाट बघावी लागत नाही. लागणारी सगळी यंत्रणा पेशीत आधीपासून तयार असते, फक्त लगाम घातलेली. या संप्रेरकाचं ग्राहक-प्रथिन, म्हणजे संप्रेरक ओळखून धरणारं प्रथिन, नेमकं कुठलं, हे 2009 मध्ये पक्कं झालं आणि साखळी उलगडली. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण लावणारी प्रथिनं, फॉस्फटेज म्हणजे ती खूण काढणारी. एरवी काही फॉस्फटेज प्रथिनं SnRK2 नावाच्या कायनेज प्रथिनांना दाबून ठेवतात. संप्रेरक ग्राहकाला चिकटलं की ग्राहक त्या फॉस्फटेजना धरून ठेवतो आणि कायनेज मोकळी सुटतात. मोकळी सुटलेली ही प्रथिनं दोन कामं करतात. रक्षक पेशींच्या पटलातल्या वाहिन्या उघडून क्षार बाहेर सोडतात, त्यामागोमाग पाणी जातं आणि रंध्र मिटतं. दुसरीकडे केंद्रकात जाऊन काही नियामक प्रथिनांना जागं करतात. ही नियामक प्रथिनं डीएनएवर ठरावीक अक्षरक्रम शोधून तिथे बसतात आणि शेजारच्या जनुकाच्या आरएनए-प्रती, म्हणजे ज्यांच्यावरून प्रथिनं बनतात त्या नकला, भराभर निघू लागतात.

बस, एवढंच. पोथी तीच, आज कुठला अध्याय वाचायचा आणि किती वेळा, तेवढं बदललं. ताण सरला की वाचन पुन्हा नेहमीच्या पानावर येतं. याला जनुकांच्या अभिव्यक्तीतला बदल म्हणतात. डीएनएच्या अक्षरांत होणारा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, ही निराळीच गोष्ट. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या झाडाच्या जनुकसंचात सुमारे साडेतेरा कोटी अक्षरं आहेत. त्यात पिढीमागे अब्ज अक्षरांत सातेक चुका होतात, असं मोजलं गेलंय. हिशोब केला तर अख्ख्या संचात पिढीला साधारण एक. तीही झाडाला हवी तिथे पडत नाही. तहान लागली म्हणून तहानेवरचा उतारा लिहून घेणारं झाड अजून कुणी पाहिलेलं नाही.

‘दुष्काळाचं जनुक चालू होतं.’ या वाक्यातलं एकवचन मला खुपतं. पाणी तुटलं की एक जनुक नव्हे, हजारो जनुकांचं वाचन वर-खाली होतं. काहींचं वाढतं, तितक्याच ठळकपणे काहींचं बंद पडतं. वाढीची, नवी पानं काढण्याची कामं थांबतात. ही थांबवाथांबवी तर मजकुरात कुठेच नाही. शिवाय एकाच जनुकाकडे निरनिराळ्या वाटांनी निरोप येतात. RD29A हे जनुक पाण्याचा तुटवडा, खारेपणा आणि थंडी या तिन्हींत जागं होतं, कारण त्याच्या सुरुवातीच्या नियामक भागात वेगवेगळ्या नियामक प्रथिनांना बसायला वेगवेगळ्या जागा आहेत. थंडीत नेलेल्या रोपात CBF नावाच्या जनुकांच्या प्रती पंधरा मिनिटांत वाढलेल्या दिसतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं मग पुढची जनुकं उठवतात, त्याला काही तास लागतात. म्हणजे एक बटण दाबून दिवा लागतो तसं हे नाही. एकानं दुसऱ्याला हाक मारायची, दुसऱ्यानं चार जणांना उठवायचं, असा प्रकार आहे.

आणि ही यंत्रणा कायमची चालू ठेवली तर? तेही करून बघितलंय. जपानी संशोधकांनी DREB1A हे CBF गटातलंच जनुक अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये सतत चालू राहील अशी रचना केली. झाडं ताणाला तगली खरी, पण नेहमीच्या चांगल्या परिस्थितीतही खुरटलेली राहिली. मग 1999 मध्ये त्याच गटानं हे जनुक ताण आल्यावरच जागं होईल असं RD29A च्या नियामक भागाला जोडलं. तेव्हा वाढ फारशी खुंटली नाही आणि ताणही सोसला गेला. ‘ताण जितका कडक, तितकं झाड कणखर’ हे वाक्य इथेच निकालात निघतं. ताणाला दिलेलं प्रत्येक उत्तर वाढीच्या खिशातून जातं. मर्यादेपलीकडे ताण दिलेलं झाड कणखर होत नाही, मरतं.

जाता जाता भाताचं उदाहरण. पुरात बुडालेला भात साधारणपणे पाण्यावर डोकं काढायला उंच वाढत सुटतो, त्यात साठवलेलं अन्न संपतं आणि पूर ओसरेपर्यंत रोप मेलेलं असतं. ओडिशातल्या FR13A या जुन्या वाणात Sub1A नावाचं जनुक आहे, ते 2006 मध्ये ओळखलं गेलं. बुडाल्यावर ते जागं होतं आणि झाडाला चक्क गप्प बसवतं: वाढू नकोस, अन्न जपून ठेव. असं रोप पाण्याखाली दोनेक आठवडे तग धरतं. हा गुण इतर वाणांत आणला गेला तो संकर करून आणि प्रत्येक पिढीत ते जनुक आलंय का हे तपासून. कुठल्याही भाताला पाण्यात बुडवून शिकवून नव्हे.

आता मजकुराचा सगळ्यात आकर्षक भाग: झाडाला आठवण राहते. हो, राहते. इथे मजकूर लिहिणारा खऱ्याच्या अगदी जवळून गेलाय, म्हणून जरा थांबू.

अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपं मातीतून काढून दोनेक तास हवेत सुकू द्यायची, मग उरलेला दिवस ओलाव्यात ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असा एक प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सुकण्याच्या मानानं नंतरच्या फेऱ्यांत RD29B या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त निघाल्या आणि रोपांनी पाणीही कमी गमावलं. RD29A मात्र दर वेळी सारखंच वागलं. नावानं जुळी वाटणारी दोन जनुकं, एक अनुभवानं शहाणं होणारं, दुसरं नाही! कारण शोधलं तेव्हा दिसलं की ताण सरल्यावर RD29B चं वाचन थांबलं, पण वाचणारं प्रथिन तिथून पुरतं उठलंच नव्हतं आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर एक रासायनिक खूण मागे राहिली होती. पुस्तक मिटलं, पण पानात बोट ठेवून. आणि किती दिवस? पाच दिवस नीट पाणी मिळालं तरी खूण टिकली होती, सातव्या दिवशी पुसली गेली होती.

उष्णतेचंही तसंच. थेट 45 अंशांत ठेवलेलं रोप मरतं. आधी तास-दीड तास 37-38 अंशांत आणि मग थोडी उसंत मिळालेलं रोप तेच 45 अंश सोसतं. पण ही शिदोरी काही दिवसांपुरतीच असते. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच, अक्षरं न बदलता अक्षरांवर किंवा हिस्टोनवर पडलेल्या खुणा. त्या खऱ्या आहेत. मजकूर जिथे घसरतो ती जागा पुढची: ‘ती आठवण बीमध्ये उतरते.’

सगळ्यात लांब टिकणारी, नीट अभ्यासलेली आठवण थंडीची आहे. हिवाळा काढल्याशिवाय फुलायचं नाही अशा झाडांत FLC नावाचं जनुक फुलणं रोखून धरतं. आठवडेच्या आठवडे थंडी लागली की त्यावर हिस्टोनच्या खुणा साचत जातात आणि ते मुकं होतं. नंतर ऊब आली, नव्या पेशी झाल्या, तरी ते मुकंच राहतं आणि झाड फुलतं. महिनोन्महिने टिकणारी ही आठवण बीजात मात्र ठेवली जात नाही. भ्रूण घडताना FLC पुन्हा जागं केलं जातं. कारण उघड आहे. आईनं काढलेल्या हिवाळ्याचा हवाला घेऊन पिल्लू उगवलं, तर ते आपला हिवाळा यायच्या आतच फुलायला जाईल आणि गारठून मरेल. विसरणं हा या यंत्रणेतला दोष नाही, तिच्या कामाचा भाग आहे. 2014 मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये असं दाखवलं गेलं की DDM1 आणि MOM1 ही दोन जनुकं एकदम निकामी असली तर ताणाच्या काही खुणा पुढच्या पिढीत गळतात. म्हणजे एरवी त्या गळू नयेत म्हणून झाड पहारा ठेवतं.

नेमक्या याच थंडीच्या गोष्टीवरून एक देश फसला होता. सोव्हिएत संघात ट्रोफिम लिसेंको यानं 1920 च्या दशकाच्या अखेरीस बियाण्याला थंडी देऊन गहू लवकर आणण्याची पद्धत गाजवली. पुढे असा बदल वंशात उतरतो असा त्याचा दावा होता. विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह 1940 मध्ये पकडले गेले आणि 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात मेले. 1948 मध्ये तिथे आनुवंशिकीवर अधिकृत गदा आली. फिरणाऱ्या मजकुराच्या लेखकाला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही, पण त्याचं चौथ्या पिढीचं वाण लिसेंकोच्याच वाफ्यातलं आहे.

अपवाद? आहेत, आणि ते लपवण्यात मला रस नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1744 मध्ये लिनॅरिया या रानझाडाचं एक चमत्कारिक फूल वर्णिलं होतं, नेहमीच्या एका शेपटाऐवजी पाच शेपटांचं. 1999 मध्ये कळलं की त्यात एका जनुकावर मिथाइल गटांची दाट खूण बसलीय आणि ती बियांतून उतरते. पण ती दुष्काळानं घडवलेली नाही आणि दुष्काळात कामाचीही नाही. दुसरा अपवाद ONSEN या उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्याचा. उष्णतेनं तो जागा होतो, आणि ज्या झाडांत अशा तुकड्यांना दाबून ठेवणाऱ्या लहान आरएनएंचा पहारा मोडलेला आहे त्यांच्या संततीत तो नव्या जागी घुसलेला सापडतो. इथे डीएनए खरोखर बदलला, कबूल. पण पहारा शाबूत असलेल्या झाडात ते होत नाही, आणि झालं तरी कुठे घुसायचं ते झाडाच्या गरजेनं ठरत नाही.

मग ‘आम्ही तीन पिढ्या करून बघितलं, फरक पडला’ म्हणणारे खोटं बोलतात का? मुळीच नाही. दोन गोष्टी घडत असतात. मूळ बियाणं मिश्र असेल तर तहानेत आधीपासून चिवट असलेली रोपं उरतात आणि तुम्ही त्यांचंच बी धरता. ही निवड. शेतीइतकीच जुनी. बी एकाच शुद्ध वंशाचं असेल तर तीही चालत नाही, हे डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेननं 1903 मध्ये घेवड्याचे दाणे तोलून दाखवलं: शुद्ध वंशातले मोठे दाणे पेरा की लहान, पुढच्या पिढीची सरासरी तीच. दुसरी गोष्ट आईची. तहानलेल्या झाडाच्या बीत अन्नसाठा आणि संप्रेरकं वेगळ्या प्रमाणात भरली जातात, त्यामुळे रोपाची सुरुवात वेगळी होते. हा परिणाम सहसा पिढी-दोन पिढ्यांत विरतो.

‘कुणी सांगणार नाही’ याबद्दल फार लिहीत नाही. 2006 मध्ये ताणाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकते असा निबंध ‘नेचर’मध्येच आला होता. 2009 मध्ये दुसऱ्या गटानं वेगवेगळे ताण देऊन तपासलं आणि हा सर्वसाधारण प्रतिसाद नाही असं छापलं. दोन्ही उघड्यावर आहेत.

ज्याला हात घालून बघायचंय त्यानं एवढं करावं. एकाच झाडाचं स्वपरागित बी घेऊन दोन भाग करावेत. एक भाग तीन पिढ्या तहानलेला वाढवावा, दुसरा भरपूर पाण्यावर. मग घाई न करता दोन्हींची एक पिढी सारख्याच पाण्यावर काढावी, म्हणजे आईचा परिणाम धुऊन निघेल. त्यानंतरच्या बियांच्या कुंड्या सरमिसळ मांडाव्यात, कुठली कुठल्या वंशाची हे पाणी तोडणाऱ्याला कळू देऊ नये, आणि कुठली आधी मान टाकते ते लिहून ठेवावं. मजकूर पाठवणाऱ्यांना मी हेच उत्तर पाठवलं. त्यातल्या एकानं उलट विचारलं, मधली पिढी गाळली तर चालेल का?

नाही चालणार. तिच्याचसाठी तर हा सगळा खटाटोप.