आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

नाशिकच्या प्रोग्रॅमर मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबत नाही म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ बिघडला. काढून परत टाका. तरी नाही जमलं तर अँटिव्हायरस बंद करा. आणि मुळात डीबगर हवाच कशाला? प्रिंट टाका, काम झालं.' खाली शंभर अंगठे. (व्हिज्युअल स्टुडिओ म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर. डीबगर त्यातलाच, चालता प्रोग्रॅम थांबवून तपासणारा. ब्रेकपॉइंट म्हणजे कुठल्या ओळीवर थांबायचं ते सांगणारा लाल ठिपका.)

परत टाकण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. लाल ठिपका पोकळ झाला की त्यावर माउस नेऊन बघा. सिम्बॉल लोड झाले नाहीत, असं बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं. सिम्बॉल म्हणजे सोर्समधली कुठली ओळ चालत्या कोडमध्ये कुठं आहे, याचा नकाशा. तो असतो पीडीबी फाइलमध्ये. बिल्ड करताना, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम बनवताना, डीएलएल (चालणारा कोड असलेली फाइल) आणि पीडीबी या जोडीला एकच ओळखक्रमांक मिळतो. तो जुळला नाही की डीबगर नकाशा नाकारतो. व्हिज्युअल स्टुडिओ दहादा टाकलात तरी ती बेजोड जोडी तिथंच राहणार.

कॉलेज रोडच्या आमच्या ऑफिसात एका पोरानं या सल्ल्यापायी अख्खी दुपार इन्स्टॉलची पट्टी सरकताना बघत काढली. काम होतं अंबडच्या एका कारखान्याच्या वजनकाट्याचं. प्रोग्रॅम विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागं चालायचा. संध्याकाळी डीबगर जोडून मॉड्यूल्सची खिडकी (प्रोग्रॅमनं कुठली फाइल कुठून उचलली ते दाखवणारी) उघडली, तर डीएलएलचा पत्ता भलत्याच फोल्डरचा! सर्व्हिस महिन्यापूर्वीची डीएलएल उचलत होती आणि आम्ही नव्या कोडवर ठिपके लावत होतो. (आपला सोमेश्वर गंगापूर रोडलाच आहे, पण म्हणून बंब तिकडेच न्यायला हवा असं नाही.)

पत्ता बरोबर निघाला तर बिल्ड रिलीजचं, म्हणजे वेगासाठी ऑप्टिमाइझ केलेलं, आहे का पाहा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये 'जस्ट माय कोड' (फक्त आपलाच कोड तपासायची सोय) चालू असेल, तर ऑप्टिमाइझ केलेली डीएलएल डीबगर परकी समजतो आणि तिच्यात थांबत नाही.

अँटिव्हायरसनं एखादी ताजी एक्सई (प्रोग्रॅमची मुख्य फाइल) उचलून बाजूला टाकली, असं होतं कधीकधी. पण मग प्रोग्रॅम सुरूच होत नाही. चालत्या प्रोग्रॅमचा ठिपका त्यानं पोकळ होत नाही.

प्रिंटचं, म्हणजे कोडमध्येच मजकूर दाखवणारी ओळ टाकण्याचं, मात्र निम्मं खरं, मीही वापरतो. काटा सीरियल पोर्टवर सतत आकडे पाठवत असतो. ब्रेकपॉइंटवर तुम्ही चहा घेईपर्यंत ते साचतात, टाइमआउट होतात आणि दिसतो तो वेगळाच घोळ. अशा ठिकाणी वेळेसकट नोंदी ठेवणारी लॉग फाइलच बरी. फाइलच म्हणतोय, कारण विंडोज सर्व्हिसपुढं कन्सोल, म्हणजे मजकूर दिसायची खिडकी, नसतो. तिथली प्रिंट कुणालाच दिसत नाही. कोडला हात न लावता न थांबता लिहायचं असेल तर ट्रेसपॉइंट आहे, पण त्यालाही तीच जुळणारी पीडीबी लागते.

त्या दुपारी पोरानं लॉगची ओळही टाकून पाहिली होती. फाइल कोरीच. नव्या कोडमधली ओळ महिन्यापूर्वीच्या डीएलएलमध्ये येणार कुठून?