बिस्किटं वाळत घातली आहेत, दार हळू लावा

रॉयल आयसिंगच्या, म्हणजे वर साखरेचा थर देऊन तो कडक वाळवलेल्या, कुकीज शिकवणारे लोक सगळं सांगतात. मैदा किती, लोणी कसलं, नोझल कितव्या नंबरचं, जेल रंग कधी घालायचा. एक गोष्ट मात्र कोणीही सांगत नाही, ती म्हणजे या कुकीजना ओव्हनपेक्षा जास्त जागा लागते. तीही सपाट. ३ इंची कुकी, शेजारणीला चिकटू नये म्हणून थोडं अंतर, म्हणजे एकीला १६ चौरस इंच धरा. ५० कुकीज म्हणजे साधारण साडेपाच चौरस फूट. ही जागा आठ ते बारा तास हलता कामा नये, तिच्यावरून वारा खेळायला हवा आणि तिथे कोणी चष्मा, पेपर, किल्ल्या, मेथीची जुडी यांपैकी काहीही आणून टेकवता कामा नये. डोंबिवलीतल्या दोन खोल्या-हॉल-किचनच्या घरात या सगळ्या अटी पूर्ण करणारी जागा एकच असते. छत.

निमित्त होतं भाच्याच्या पहिल्या बोरन्हाणाचं. पूर्वी बोरन्हाणाला बोरं, उसाचे करवे, ओला हरभरा, चुरमुरे, हलवा आणि हे सगळं ज्याच्या डोक्यावर ओतायचं ते बाळ, एवढं पुरत असे. आता थीम लागते. "बोरन्हाण हीच थीम नाही का?" असं मी वहिनीला विचारून पाहिलं. "ते तर फंक्शन आहे गं," ती म्हणाली, "थीम वेगळी." थीम निघाली काळे पतंग. काळा पतंग, त्यावर हलव्याच्या दागिन्यांची आठवण देणारी पांढरी टिंबं, खाली छोटी शेपटी. म्हणजे बाळाचं काळं झबलं आणि दागिने दोन्ही एका कुकीत आले. कल्पना फार गोड होती. गोड कल्पना नेहमी अशाच माणसांना सुचतात ज्यांना त्या रात्री जागून करायच्या नसतात.

मला हुरूप यावा म्हणून तिने सोबत २०२२ सालची एक बातमीही पाठवली. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी इटलीतल्या मिलानच्या कॅथीड्रलच्या धर्तीवर १०० किलोंची वास्तू उभी केली होती, सगळी रॉयल आयसिंगची, तीही बिनअंड्याची. कमानी, मनोरे, जाळ्या, सगळं साखरेचं. माणसं त्या नाजूक नक्षीकडे बघून थक्क होतात. मी बराच वेळ एवढंच शोधत होते की त्यांनी हे वाळेपर्यंत ठेवलं कुठे, आणि त्या घरात इस्त्री कुठे करत होते.

रॉयल आयसिंग म्हणजे मुळात अंड्याचा पांढरा बलक आणि आयसिंग शुगर, फेटून फेटून घट्ट केलेली. संक्रांतीच्या कार्यात अंडं म्हटल्यावर आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तो विषय तिथेच संपला. त्याला पर्याय म्हणजे काबुली चणे शिजवलेलं पाणी. ते आटवून दाटसर केलं आणि फेटलं की अंड्यासारखं फुगतं, हे २०१४ साली जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाच्या लक्षात आलं. हे मी मोठ्या अभिमानाने आईला सांगितलं.

"गाणारा माणूस चण्याचं पाणी कशाला फेटत बसला होता?" आईने विचारलं.

पाणी लागलं वाटीभर, पण त्यासाठी शिजलेले चणे काही फेकून देता येत नाहीत. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्याकडे छोले झाले, चण्याची उसळ झाली, चणे घालून पुलाव झाला. पुलावाच्या दिवशी बाबांनी शांतपणे विचारलं, "बोरन्हाण इथेच आहे ना? की अमृतसरला?"

या फेसाची दुसरी अट अशी की भांड्याला तेलातुपाचा अंशही लागलेला नसावा, नाहीतर फेस बसतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पातेल्याने कधी ना कधी फोडणी पाहिलेली आहे. लिंबाची फोड फिरवून घासून बघितलं, तरी आईलाच खात्री वाटेना. शेवटी माळ्यावरून एक कोरं पातेलं उतरवलं गेलं. कोणाच्या तरी लग्नात आलेलं, काठावर देणाऱ्यांचं नाव आणि "सप्रेम भेट" कोरलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ते पुढे आणखी कोणाच्या तरी लग्नात जायचं होतं. आता ते चण्याच्या पाण्याला लागलं.

पोळपाटावरचं काम सरळ होतं. यात बेकिंग पावडर घालत नाहीत, कारण कडा फुगून आकार बिघडतो. गोळा फ्रिजमध्ये गार करायचा, पाऊण सेंटिमीटरच्या आत जाड लाटायचा. पतंगाच्या साच्याची गरजच नव्हती, सुरीने तिरके काप दिले की झालं. मी काप देत असताना आई मागे येऊन उभी राहिली.

"ही शंकरपाळी आहे," ती म्हणाली.

"पतंग आहे."

"मोठी शंकरपाळी आहे. तेल तापवू?"

सगळ्या शंकरपाळ्या, म्हणजे पतंग, १७५ अंशांवर भाजून झाले. इथपर्यंत स्वयंपाक असतो. यापुढे गवंडीकाम सुरू होतं. आधी घट्ट आयसिंगने कुकीच्या काठाने बांध घालायचा, मग पातळ आयसिंग आत सोडून तळं भरायचं. पातळ म्हणजे किती, याची परीक्षा अशी की आयसिंगमध्ये सुरीने रेघ ओढायची आणि ती बुजायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दहाच्या आत बुजली तर ते बांध ओलांडून टेबलावर जाणार. वीसच्या पुढे गेली तर वर सुरकुत्या पडणार. मी रेघ ओढून मोजायला लागले की दारावरची बेल वाजायची. कुरिअर, इस्त्रीवाला, वर्गणी. एकदा कुणीच आलं नाही तेव्हा आईने पातेल्यात बोट बुडवलं, अंगठ्याशी जुळवून उघडलं आणि निर्णय दिला, "याला तार कुठे येतेय? कच्चा आहे पाक." पाक नाही, हे समजावताना मोजणी कुठवर आली होती तेच विसरायला झालं.

काळा रंग हे या शास्त्रातलं सगळ्यात दुष्ट प्रकरण आहे. पांढऱ्या आयसिंगमध्ये काळा जेल घालत गेलं की आधी राखाडी येतो, मग सिमेंटचा, मग ओल्या सिमेंटचा. घाईघाईने आणखी ओतला तर चव कडू होते आणि आयसिंग वाळायचं नाव घेत नाही. त्यामुळे आधी थोडा कोको घालून तपकिरी करून घ्यायचं, मग जेल, मग पातेल्यावर ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवायचं. रंग आपोआप गडद होतो. फडकं विसरलं तर वर कवच धरतं. सकाळी बाबांनी चहासाठी भांडं शोधताना फडकं उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा झाकलं. "डांबर कशाला आणलंय?" एवढंच विचारलं.

तर आता मूळ मुद्द्यावर. ५० काळे पतंग भरून झाले आणि ओले होते. डायनिंग टेबलावर वीस मावले. इस्त्रीच्या टेबलावर आठ. वॉशिंग मशीनवर बारा, म्हणजे धुणं बंद. दिवाणावर दोन ट्रे, म्हणजे बाबांची दुपारची झोप बंद. उरलेले शिलाई मशीनवर. ओला ट्रे जरा तिरका झाला तरी सगळं आयसिंग एका कोपऱ्यात जमा होतं, त्यामुळे एकदा ठेवलेला ट्रे उचलायचा नाही. आम्ही चौघं आणि ५० पतंग, अशी वाटणी झाली, आणि चौघांच्या वाट्याला मोरीकडे जाणारी वाट आली.

व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नातला केक जवळपास ३०० पौंडांचा होता म्हणतात, म्हणजे १३६ किलो, आणि त्यावर हेच पांढरंशुभ्र आयसिंग होतं. पण तो वाळत असताना तिच्या घरात कोणी "माझी लुंगी इस्त्री करायची राहिलीये" म्हणत फिरत नसावं.

वाळताना पंखा हवाच. लगेच वारा लागला तर वर चकाकी येते आणि नाजूक भाग खचून खड्डे पडत नाहीत. हे जानेवारीत आणि पहाटे. बाबा माकडटोपी घालून, गळ्यात मफलर, अंगावर शाल घेऊन फुल स्पीडच्या पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. पेपर उडत होता. "बिस्किटं वाळावीत म्हणून मला गारठवताय," ते म्हणाले. मी त्यांना आतल्या खोलीत बसा म्हटलं. आतल्या खोलीत दिवाण होता.

नऊ वाजता कामाच्या मावशी आल्या. त्यांना केर काढायचा होता आणि केर काढायला पंखा बंद हवा. पंखा बंद केला तर माझे पतंग खचणार, चालू ठेवला तर घरभरची धूळ उडून ओल्या काळ्यावर बसणार. मावशींनी झाडू हातात धरून दोन्ही बाजूंचा विचार केला. "ताई, आज राहू दे," म्हणाल्या आणि थेट भांड्यांकडे वळल्या. त्या वर्षात मला मिळालेला सगळ्यात समंजस सल्ला हाच. इतक्यात किचनमध्ये कुकरला शिट्टी झाली. आयसिंगला वाफ अजिबात चालत नाही. मी धावत जाऊन किचनचं दार लावलं, आतून आईचा आवाज आला, "मला कोंडलंस का गं?"

दुपारी आईने तोडगा काढला. गच्चीवर ने, जुनी साडी पसर, चार विटा ठेव, कुरडया वाळतात तशा संध्याकाळपर्यंत वाळतील. उन्हात लोणी सुटतं आणि रंग विटतो, हे मी सांगत होते, पण तिला त्यातलं एकच पटलं, की गच्चीवर कबुतरं फार झाली आहेत.

काळं कोरडं झालं. निदान वरून. आता त्यावर पांढरी टिंबं द्यायची होती, एक नंबरच्या नोझलने. या नोझलचं भोक इतकं बारीक असतं की घरी मिक्सरमध्ये केलेल्या पिठीसाखरेचा एखादा कण आला तरी बंद पडतं, आणि बंद पडलं की हात जोर लावतो, आणि मग जे बाहेर येतं त्याला टिंब म्हणत नाहीत. शिवाय पहिल्याच कुकीवरची टिंबं अर्ध्या तासात जांभळी पडली. काळा रंग खालून पांढऱ्यात चढत होता. त्याला आणखी बारा तास द्यावे लागणार होते. म्हणजे आणखी एक दिवस धुणं नाही, इस्त्री नाही, दिवाण नाही. बाबांनी हे ऐकलं आणि मफलर आणखी एक वेढा घेऊन बांधला.

तेव्हा आईने फडताळातून डबा काढला. आमच्याकडे काटेरी हलवा अजून घरी होतो. परातीत खसखस, खाली मंद आच, आणि चमचा चमचा पाक सोडत तास न् तास बोटांनी फिरवत राहायचं. थंडी कोरडी असेल तर काटा येतो, हवा दमट असेल तर नुसत्या साखरेच्या गोळ्या होतात. खरं सांगायचं तर रॉयल आयसिंग हे याच्यापुढे बालवाडीतलं काम आहे, कारण त्यात बोटं भाजत नाहीत. हलव्यात कोणी सेकंद मोजत नाही, सगळं हाताला कळावं लागतं. आईने एक काळा पतंग घेतला, चण्याच्या पाण्यातल्या घट्ट आयसिंगचा ठिपका दिला, त्यावर हलव्याचा दाणा ठेवला. मग दुसरा. मग दाण्यांची माळ. तिची बोटं इतकी भराभर चालत होती की मी नोझल धुऊन ठेवलं.

"दागिने हलव्याचे असतात," ती म्हणाली, "साखरेच्या चित्राचे नसतात."

काही दाणे बुडाशी करडे झाले, पण वरून कोणालाही दिसत नव्हतं. वहिनीने फोटो काढून सगळीकडे पाठवले, खाली लिहिलं, "आत्याची कमाल." आईने ते वाचलं आणि मला हलव्याचा रिकामा डबा घासायला दिला.

बोरन्हाणाच्या दिवशी भाचा काळ्या झबल्यात, मुकुट, हार, बाजूबंद घालून पाटावर बसला. बोरं-चुरमुऱ्यांत कुकीज मिसळू द्यायच्या नाहीत यावर मात्र मी ठाम राहिले, कारण एव्हाना त्या इतक्या कडक झाल्या होत्या की बाळाच्या डोक्यावर पडल्या असत्या तर कार्याचं नाव बदलावं लागलं असतं. त्या ताटात वेगळ्या ठेवल्या. बोरांची लूट झाल्यावर मुलं ताटावर तुटून पडली, त्यांच्या मागून त्यांच्या आया, त्यांच्या मागून सोसायटीतले काका. आवाज कडाकडा येत होता. पाच मिनिटांत सगळे एकमेकांना तिळगूळ देत "गोड बोला" म्हणायला लागले आणि हॉलभर काळे ओठ, काळ्या जिभा, काळे दात उघडमीट करू लागले. शेजारच्या काकू अत्यंत प्रेमाने माझ्याकडे बघून हसल्या तेव्हा मी एक पाऊल मागे सरले.

बाबांनी दोन पतंग खाल्ले होते. आरशात बघून आले, काही न बोलता कवळी काढली, पेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवली आणि येऊन पुन्हा खुर्चीत बसले.

फोटोवाला सारखा म्हणत होता, "हसा ना, जरा तोंड उघडून हसा." छापून आलेल्या फोटोत पस्तीस माणसं ओठ घट्ट मिटून उभी आहेत. मधोमध बाबा आणि त्यांच्या मांडीवर भाचा, दोघंच खदाखदा हसताहेत. दोघांच्याही तोंडात एकही दात नाही.