कोकराचा पाय कोणी मोडला?

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला. ही पाचवी-सहावी खेप असेल. खांद्यावर मेंढरू घेतलेल्या प्रभू येशूचं चित्र आणि खाली मजकूर असा: बायबलच्या काळात एखादं कोकरू सारखं कळप सोडून पळायला लागलं, तर मेंढपाळ स्वतःच्या हाताने त्याचा पाय मोडायचा. मग पट्टी बांधून, हाड जुळेपर्यंत त्याला खांद्यावर वागवायचा. त्यानंतर ते कोकरू त्याला कधीच सोडून जात नसे. शेवटी तात्पर्य: देवाने तुमचा पाय मोडला असेल, तर त्याचे आभार माना.

खाली आमेनची रांग. त्यात एक आमेन अशा काकूंचा होता, ज्यांचा तरुण मुलगा दिवाळीच्या सुमारास गेला. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही.

'बायबलच्या काळात.' बरं, मग बायबलमध्ये कुठे? उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत मेंढपाळ पानोपानी भेटतात, पण कोकराचा पाय मोडणारा एकही नाही. खांद्यावरचं मेंढरू लूकच्या 15व्या अध्यायातलं. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात ठेवून त्याच्या शोधात निघतो, सापडल्यावर ते खांद्यावर घेतो आणि घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो. खांद्यावर घेण्याचं कारण लूक एका शब्दात सांगतो: आनंदाने. मेंढराला रागाचा एक शब्दही नाही.

'मेंढपाळांची ती पद्धतच होती.' ही धंद्याची गोष्ट आहे, तेव्हा धंद्याच्याच हिशेबाने बघू. मोशेच्या नियमशास्त्रात मोडकं, लंगडं जनावर वेदीवर चालत नाही. म्हणजे पाय मोडला की मोलच पडलं. दुसऱ्याची मेंढरं राखणाऱ्याला तर प्रत्येक नगाचा हिशेब द्यावा लागे. सासऱ्याची मेंढरं राखणारा याकोब त्या सासऱ्याला, लाबानाला, ऐकवतो की, श्वापदाने फाडलेलं मेंढरू मी तुझ्याकडे आणलं नाही, तो तोटा मीच सोसला. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, 3ऱ्या अध्यायात, मेंढपाळ सिंहाच्या जबड्यातून दोन तंगड्या नाहीतर कानाचा तुकडा ओढून काढतो. जनावर गेलंच, पण निदान एवढं तरी हाती लागलं. ज्याला मेलेल्या मेंढराची तंगडी इतकी मोलाची, तो जित्याची तंगडी मोडेल? हाच याकोब आपल्या भावाला, एसावाला, म्हणतो, तू हो पुढे. पोरं नाजूक आहेत, मेंढरांना अंगावर पिणारी पिल्लं आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तरी सगळा कळप मरेल.

फलटणच्या बाजूला एका मेंढक्याचा वाडा उतरला होता, त्याला मी हे विचारलं. तो वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ठोकत होता. हातातला दगड खाली ठेवून तो हसला. "मोडायचा? आपन हून?" मग म्हणाला, उनाड बैलाच्या गळ्यात लोढणं घालतात. कोकराचा पाय मोडलाच, तर बांबूच्या कामट्या लावून चिंधीने आवळायचा आणि वाडा हलला की ते घोड्यावर टाकायचं. मुद्दाम मोडून महिनाभर खांद्यावर घेऊन हिंडलं, तर बाकीची मेंढरं कोण राखणार? फलटण म्हणजे यहूदा प्रांत नव्हे, मान्य. पण मेंढराचं हाड दोन्हीकडे सारखंच.

'मग स्तोत्र 23 मधली काठी कशाला?' हा प्रश्न दरवेळी येतो. ओळ अशी आहे: 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.' बोलणारं मेंढरू आहे, आणि त्याला काठी बघून धीर येतोय. मार खाणारं असं बोलत नाही. ती काठी कोणावर चालायची, ते मेंढपाळ असलेला दावीद शौल राजापुढे सांगतो: सिंह किंवा अस्वल कोकरू उचलून न्यायचं, तेव्हा मी पाठलाग करून त्याला मारायचो आणि त्याच्या तोंडातून कोकरू सोडवायचो.

'पण देव मोडतो असं लिहिलंय ना!' हा आक्षेप जरा वजनाचा आहे. स्तोत्र 51 मध्ये, तू मोडलेली हाडं पुन्हा हर्षित होवोत, अशी विनवणी आहे. होशेय संदेष्ट्याच्या 6व्या अध्यायात, त्याने फाडलं आणि तोच बरं करील, असं आहे. खरं आहे. पण स्तोत्र 51 मध्ये मेंढरू नाही, स्वतःच्या पापाने भरडलेला माणूस आहे. आणि होशेय फाडण्याबद्दल बोलतो, तेव्हा मागच्याच अध्यायात देव स्वतःला सिंह म्हणवतो. मेंढपाळ नाही, सिंह! देवाच्या शिक्षेबद्दल बोलायचं तर बायबलकडे सिंह आहे, बाप आहे, भट्टी आहे. ते काम मेंढपाळाच्या गळ्यात मारलेलं नाही.

उलट यहेज्केल संदेष्ट्याचा 34वा अध्याय उघडा. इस्राएलाच्या पुढाऱ्यांवर, म्हणजे वाईट मेंढपाळांवर, आरोपपत्रच आहे ते. दुबळ्यांना बळ दिलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही, जुलूम-जबरदस्तीने राज्य केलं. म्हणून 16व्या वचनात देव म्हणतो, आता मीच शोधीन, मीच पट्टी बांधीन. फॉरवर्डमधली पट्टी इथे आहे खरी, पण मोडणारा आणि बांधणारा इथे एक नाहीत. पाय मोडण्याचा प्रसंग शुभवर्तमानातही आहे, योहान 19 मध्ये. तिथे पाय मोडणारे रोमी शिपाई आहेत, आणि ते वधस्तंभावरच्या उत्तम मेंढपाळाजवळ, म्हणजे येशूजवळ, येतात तेव्हा त्याचे पाय मात्र मोडत नाहीत.

राहिलं चित्र. खांद्यावर जनावर घेतलेला माणूस ख्रिस्ती चित्रकारांना आयताच मिळाला. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवरचा खांद्यावर वासरू घेतलेला संगमरवरी पुरुष ख्रिस्तपूर्व 570च्या सुमाराचा आहे. रोमच्या भुयारी दफनभूमीत आणि सीरियातल्या दुरा-युरोपसच्या बाप्तिस्मागृहात तोच माणूस उत्तम मेंढपाळ झाला. ती चित्रं पाहताना त्यांचा अर्थ काय लावत, याचा एक साक्षीदारही आहे, तोही चिडलेला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन कुरकुरतो, की लोक पेल्यावर रंगवलेल्या मेंढपाळाचा दाखला देऊन पापात पडलेल्यांसाठी क्षमा मागतात. त्याला ते फार सैल वाटायचं. म्हणजे त्या पेल्यातून पिणाऱ्यांना तो मेंढपाळ माफ करणारा दिसत होता.

ग्रुपवर मी एवढं सगळं टाकलं नाही. यहेज्केल 34:16 टाकलं, तीन आमेन आले. रात्री काकूंचा फोन.

"अरे, मग मोडला कोणी?"

मला माहीत नाही म्हणालो. त्या बराच वेळ लाइनवर होत्या.