पुन्हा तोच फुगलेला कपॅसिटर

काय सांगू राजेहो, या महिन्यात दुरुस्तीले आलेला कॉम्प्युटरचा हा चौथा मदरबोर्ड, म्हणजे मेन सर्किट बोर्ड, अन् रोग तोच, प्रोसेसरच्या बाजूचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या त्या छोट्या डब्या, पापडासारखे फुगलेले. आमच्या दारव्ह्यात मे महिन्यात ४५ डिग्री, दुकानातला कूलर बी गरम हवाच फेकते, मंग कॅबिनेटच्या आत त्या बिचाऱ्याचं काय होत असन! दहा डिग्री गरमी वाढली का याचं आयुष्य जवळपास अर्ध्यावर येते, पण हे गिऱ्हाइकाले कोण सांगन? त्याले वाटते दहा रुपयाचा पार्ट, पाच मिनिटाचं काम. अबे, याचा ग्राउंडचा पाय, म्हणजे बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराले जोडलेली मायनसची तार, काढून त पाहा एकदा! सगळी गरमी बोर्डातलं तांबंच पिऊन घेते, सोल्डर वितळतच नाही, अन् जास्त जोर लावला का भोकातला पॅड, म्हणजे तांब्याची कडी, उखडून हातात येते. तालुक्यात मागाल त ८५ डिग्रीपर्यंतच गरमी सोसणारा साधा माल, मले पाहिजे १०५ डिग्री, लो ईएसआर (आतला विरोध कमी असलेला), ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड. त्याच्यासाठी नागपूर, सीताबर्डी, एसटीत अख्खा दिवस गेला. परवा एकानं घरीच प्लस-मायनस उलटं करून लावला, फट्टकन फुटला, अन् वरून मलेच म्हणते, "भाऊ, मागच्या खेपेले तुम्हीच त हात लावला होता."