बायकांचे माहितीपट दाखवताना घ्यावयाची काळजी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात फिल्म क्लब निघाला आणि आठ मार्चला बायकांनी काढलेले माहितीपट दाखवायचे ठरले. उद्या ही वेळ तुमच्यावरही येईल, म्हणून अनुभवाचे चार शब्द.

समिती पुरुषांचीच ठेवा. बायकांना कशाला त्रास? ज्यांनी जत्रेच्या नाटकांत वर्षानुवर्षं स्त्रीपार्ट केले, नऊवारीचा काष्टा सांभाळत पहाटेपर्यंत रडले, त्यांच्याइतकं बाईचं मन बाईला तरी कळतं का? बायकांनी दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडावं.

सिनेमा निवडताना जनावर बघून घ्या. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. काढलाय बाईनेच, आणि हत्तीला कुणाच्या घरची भांडी घासावी लागत नाहीत. आमच्या एका सभासदाने मात्र (पुण्यात शिकून आलाय, इलाज नाही) पारोमिता व्होरा यांचा २००६ चा 'क्यूटूपी' लावला. विषय काय, तर मुंबईतली सार्वजनिक शौचालयं आणि बायकांची अडचण. मध्यंतरात तिघी-चौघी उठल्या. सभागृहाच्या लेडीज टॉयलेटला कुलूप, तेही इतकं जुनं की कोळ्याने कडीपासून चौकटीपर्यंत जाळं विणलेलं. किल्ली खजिनदारांकडे, खजिनदार फोंड्याला. पुरुषांच्या बाजूला अर्थात दारच नाही, त्यामुळे कुलपाचा प्रश्न येत नाही. अध्यक्ष म्हणाले, "विषय मुंबईचा आहे, आपल्याकडे मोकळी हवा भरपूर."

वेळेचंही भान हवं. आपले लोक जत्रेत पहाटेपर्यंत नाटक बघतात, पण पंचवीस मिनिटांचा माहितीपट त्यांना लांबतो. तेव्हा आधी पाहुण्यांचं पाऊण तास भाषण ठेवा. नंतर चर्चेत माइक वयोमानानुसार फिरवा. एखादी बाई बोलायला उठलीच, तर 'थोडक्यात हां, बाये' असं प्रेमाने म्हणा. ती बसते.

आता मुख्य खबरदारी. 'मोलकरीण' नावाचा माहितीपट कुणी सुचवला तर प्रोजेक्टर बिघडला म्हणून सांगा. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने तो १९८१ मध्ये काढला. पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायका एकत्र येतात, संप करतात, पगार नि सुट्टी मागतात. चक्क मराठीत! म्हणजे सबटायटलच्या आड लपायचीसुद्धा सोय नाही.

आम्ही लावला. चहा करायला जी बाई बोलावली होती ती अध्यक्षांसह चार घरची धुणीभांडी करते. सिनेमा सुरू झाला तेव्हा ती ट्रे घेऊन बाजूच्या दारात आली आणि तिथेच थांबली. ट्रेमध्ये अठरा कप. वाफ हळूहळू गेली, साय धरली, एका कपात माशी पडली. पाहुण्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. अध्यक्षांनी अंधारात हात हलवला. तिने त्यांच्याकडे पाहिलंही, आणि ट्रे चौकटीशी स्टुलावर ठेवून ती रिकाम्या खुर्चीत बसली. पहिल्या रांगेत. ती खुर्ची सरपंचांची होती.

तेव्हा लक्षात ठेवा, चहा सिनेमाच्या आधी द्यावा. आणि कप कागदी घ्यावेत. आमचे ते अठरा अजून तसेच पडून आहेत.