पेशंटला काही सांगू नका

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका मित्राचा फोन आला. आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, वाईट आहे. डॉक्टरांनी ह्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं आणि आई बाहेर बाकड्यावर बसलेली. आता काय सांगू तिला, म्हणाला. मला पटकन काही बोलताच येईना, कारण तसल्याच एका केबिनमध्ये सहा वर्षांपूर्वी मी पण बसलोय.

आमचे आबा गुळव्या. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर त्यांनी चाळीस हंगाम काढले. काहिलीतला रस घट्ट व्हायला लागला की थोडा पाक थंड पाण्यात टाकायचे, बोटांनी गोळी करून बघायचे आणि मग म्हणायचे, उतरवा. त्यांचा अंदाज चुकला तर अख्खं आदण वाया. अशा माणसापासून त्याच्याच पोटातलं दुखणं लपवायला आम्ही सगळे निघालो होतो.

स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले चार-सहा महिने, आणि मी उठताना म्हणाले, पेशंटला काही सांगू नका, खचतील. खरं सांगतो, मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, कारण सांगायची हिंमत माझ्यातच नव्हती. घरी ठरलं, लिव्हरला सूज आहे म्हणायचं. रिपोर्टची फाईल माझ्या गाडीच्या डिकीत, केमोला सलाईन म्हणायचं, आणि हॉस्पिटलच्या कमानीवर हातभर अक्षरात कॅन्सर लिहिलेलं, तर रिक्षा आत वळताना धाकटी बहीण आबांना रस्त्याच्या पलीकडं बघायला लावायची, ते बघा आबा, केवढी गर्दी आहे आज. सातवी पास माणूस, रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा. पण तिच्यासाठी बघायचे गर्दीकडं.

भेटायला येणारा शहाळं घेऊन यायचा, काय होत नाही, अंबाबाई आहे, म्हणायचा आणि बाहेर जिन्यात जाऊन रडायचा. आमच्यात त्या रोगाचं नावसुद्धा कुणी घेत नाही, ‘त्याला तसलं झालंय’ एवढंच, ते पण आवाज खाली करून.

आता जे सांगतो ते मी अजून विसरू शकत नाही. आबा आणि धाकट्या काकांचं बांधावरनं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. एका दुपारी मी पाय चेपत बसलेलो, आबा छताकडं बघत म्हणाले, बापूला एकदा बोलवायचं काय रे? मी म्हटलं, आबा, तुम्ही बरं व्हा, मग आपणच जाऊ की त्याच्याकडं. आबा माझ्याकडं बघत राहिले, मग हं म्हणाले आणि कुशीवर वळले. परत तो विषय काढला नाही. काका आले ते मातीलाच.

रक्षाविसर्जन झाल्यावर राहिलेले कागद आणायला मी वॉर्डात गेलो. शेजारच्या कॉटवर गडहिंग्लजकडचे एक म्हातारे होते, त्यांनी हाक मारली. म्हणाले, तुझ्या आबांना पहिल्या सलाईनलाच कळलं होतं बघ. मला म्हणाले, पोरास्नी कळू देऊ नका मला समजलंय म्हणून, खचतील ती.

डॉक्टरांनी वापरला तोच शब्द.

म्हणजे आम्ही त्यांना सांभाळत होतो आणि ते आम्हाला, आणि ह्या सांभाळासांभाळीत पाच महिने गेले. एकाच खोलीत बसून कुणीच कुणाशी खरं बोललं नाही.

ही आपली संस्कृती आहे, आपल्यात पेशंट एकटा नसतो, घर असतं, सांगून टाकायचं हे अमेरिकेतलं फॅड, असं बरेच जण म्हणतात. घर असतं हे शंभर टक्के खरं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण अमेरिकेचं ऐका. १९६१ साली तिथं २१९ डॉक्टरांना विचारलं तर जवळजवळ ९० टक्के म्हणाले, आम्ही कॅन्सरच्या पेशंटला सहसा सांगत नाही. १९७९ ला तसाच सर्व्हे झाला तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत एवढं उलटं झालं! म्हणजे लपवणं काय फक्त आपल्या मातीतलं नाही, भीती सगळीकडं सारखीच असते.

आणि कायद्याचं बघाल तर आबांच्या ट्रीटमेंटच्या प्रत्येक फॉर्मवर पोरगा म्हणून सही माझी. २००८ ला सुप्रीम कोर्टात एक केस झाली, पेशंट बाई भूल दिलेल्या अवस्थेत होती, तिच्या आईची परवानगी घेऊन मोठं ऑपरेशन उरकलं, तर कोर्ट म्हणालं, सज्ञान बाई आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तर शुद्धीवर आल्यावर तिला विचारायचं, आईची संमती चालत नाही. मग ९ मार्च २०१८ च्या निकालानं मरणाच्या दारात मशिनवर ठेवायचं का नाही हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं, आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी पण केली. पण आपल्याला काय झालंय हेच माहीत नसलेला माणूस लिहिणार काय, कप्पाळ?

सगळ्यांना धरून बसवून सांगा असं मी म्हणत नाही. काहीजणांना खरंच नको असतं, माझ्या पोराशी बोला म्हणतात, तोही त्यांचाच निर्णय. डॉक्टरांना वाईट बातमी कशी सांगायची ह्याची सहा पायऱ्यांची पद्धत शिकवतात, त्यात पेशंटला आधीच काय माहितीये ते बघायचं आणि मग तिसऱ्या पायरीला त्यालाच विचारायचं, तुम्हाला किती सांगू? सांगणं त्याच्या नंतर. आणि ‘आता काही होत नाही’ म्हणून तर कधीच सोडायचं नाही, दुखणं कमी करता येतं, मळमळ, झोप, सगळ्यावर उपाय असतात आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत द्यायचे असतात.

आबांना मी हे कधीच विचारलं नाही. फक्त एक प्रश्न होता.

मित्राला त्या रात्री एवढंच म्हटलं, तू काही ठरवू नकोस, तिला विचार. परवा त्याचा परत फोन आला. सकाळी आई मेथी निवडत बसलेली, हा समोर बसला आणि म्हणाला, आई, रिपोर्ट आलाय, तुला सगळं सांगू का मी आणि डॉक्टर बघू? तिनं हातातली जुडी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, आधी दार लावून घे.